‘खरंच घडलं होतं’ म्हणून भागत नाही

सत्यघटनेवरच्या थरारपटाच्या पटकथेवर शंका काढली की लेखकाचं उत्तर ठरलेलं असतं : ‘पण हे खरंच घडलंय!’ घडलं असेलही. पण ते पात्र त्या क्षणी तसंच वागेल, हे प्रेक्षकाला पटवण्याचं काम लेखकालाच करावं लागतं.

सिडनी लुमेटचा ‘डॉग डे आफ्टरनून’ (१९७५) त्यासाठी पुन्हा पुन्हा पाहावा. ऑगस्ट १९७२मध्ये ब्रुकलिनमधल्या एका बँकेवर पडलेल्या दरोड्यावरून फ्रँक पिअरसनने ही पटकथा लिहिली आणि तिला ऑस्कर मिळालं. सुरुवातीलाच तिघा दरोडेखोरांपैकी एकाचा धीर सुटतो. तो निघतो तेव्हा म्होरक्या सनी त्याला बजावतो, गाडी नेऊ नकोस. मग घरी जायचं कसं, हीच त्या पोराची पंचाईत! तिजोरीत जेमतेम अकराशे डॉलर निघतात. सनीने पूर्वी बँकेत काम केलेलं, त्यामुळे प्रवासी धनादेशांची नोंदवही मागे ठेवायची नाही, हे त्याला ठाऊक असतं. तो ती कचऱ्याच्या डब्यात जाळतो आणि बाहेर गेलेला धूर समोरच्यांच्या नजरेत येतो. अडाणीपणाने नव्हे, जाणतेपणानेच तो अडकतो. पुढे ओलीस धरलेली मुख्य रोखपाल बाई बाहेर येते, पोलीस तिला थांबवू पाहतात, तरी ती आत परतते. तिच्या हाताखालच्या मुली आत आहेत ना! एरवी हे कुणाला पटलं असतं? पण बाई पहिल्यापासून त्या मुलींची वडीलधारी म्हणूनच वावरते, त्यामुळे तिचं परतणं ओघाने येतं.

‘मंजुम्मेल बॉइज’नेही (२०२४) हीच पूर्वतयारी केली आहे. २००६मध्ये कोडाईकनालच्या गुणा गुहेत एक तरुण खोल कपारीत पडला आणि मित्रच दोराने खाली उतरला. चित्रपट आधी या टोळक्याची रस्सीखेच दाखवतो. त्यामुळे शेवटी दोर खेचणारे ते हात आपल्या ओळखीचे झालेले असतात.

डॅनी बॉइलच्या ‘१२७ अवर्स’मध्ये (२०१०) नायक कुठे जातोय हे कुणालाच सांगत नाही. ही चूकही त्याच्या एकट्याने हिंडण्याच्या गुर्मीतून आलेली आहे.

आपल्याकडे पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड (१९७६-७७) आहे. त्यावर ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला. अनुराग कश्यपच्या ‘पांच’मागेही तेच प्रकरण होतं. आरोपी कलेचे विद्यार्थी, पहिला बळी त्यांच्याच महाविद्यालयातला. त्यांतला एक माफीचा साक्षीदार झाला, चौघे १९८३मध्ये येरवड्यात फासावर गेले. या मुलांना ‘राक्षस’ म्हटलं की पटकथेतला सगळ्यात अवघड प्रश्न निकालात निघतो : पहिल्या खुनानंतर त्यांतला कुणीच पोलिसांकडे का गेला नाही? भीती? पैसा? म्होरक्याची मोहिनी? प्रत्येकाचं कारण वेगळं असणार.

या प्रकरणाला पुन्हा हात घालणाऱ्या मराठी लेखकाला एकच विनंती : खून कमी दाखवा, पहिल्या खुनानंतरची सकाळ सविस्तर लिहा.