विश्वास मोठा की सत्कर्म? : ख्रिस्ती धर्मातील एक जुना वाद

‘ख्रिस्ती धर्म सोपा, येशूवर विश्वास ठेवला की झाले, मग कसेही वागा’ हे मत मी वर्गात, वसतिगृहात आणि एकदा तर वक्तृत्वस्पर्धेच्या व्यासपीठावरूनही ऐकले आहे. ‘सगळे धर्म शेवटी चांगले वागा एवढेच सांगतात’ हेही तितक्याच सहजपणे बोलले जाते. मी जन्माने ख्रिस्ती नाही. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून नव्या कराराकडे वळलो, तेव्हा या दोन्ही मतांशी ख्रिस्ती विचारवंत शतकानुशतके झगडत आले आहेत असे आढळून आले. त्या झगड्याचे स्वरूप उलगडून दाखवण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

वादाचे मूळ खुद्द नव्या करारातच आहे. रोम येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की, मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो नियमशास्त्रातील कृत्यांमुळे नव्हे, तर विश्वासामुळे. याकोबाच्या पत्रात मात्र कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव मानला आहे. उघड्या-उपाशी माणसाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास कसला, असा याकोबाचा रोकडा सवाल आहे.

मौज अशी की, दोघेही साक्षीला बोलावतात तो अब्राहामच! पौल उत्पत्तीच्या पुस्तकातील पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो. तेथे निपुत्रिक अब्राहामाला देव ताऱ्यांइतक्या संततीचे वचन देतो, अब्राहाम ते खरे मानतो, आणि तेवढ्यावर तो नीतिमान गणला जातो. त्याची सुंता होते ती पुढे, सतराव्या अध्यायात. याकोब थेट बाविसावा अध्याय उघडतो, जेथे अब्राहाम पोटच्या इसहाकाला वेदीवर ठेवतो. माणूस एकच, पौल आरंभ पाहतो, याकोब कसोटी पाहतो. शिवाय दोघांपुढचे प्रश्न निराळे होते. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होण्यासाठी सुंता आणि खाण्यापिण्याचे निर्बंध पाळावेत काय, हा पौलापुढचा प्रश्न. याकोबापुढे होते ते तोंडाने देव मानून स्वस्थ बसणारे लोक. आपण मराठीत ‘भुतांवर माझा विश्वास आहे’ असेही म्हणतो आणि ‘माझ्या मित्रावर माझा विश्वास आहे’ असेही म्हणतो. पहिल्यात नुसती मान्यता आहे, दुसऱ्यात भरवसा. याकोब पहिल्या विश्वासावर कोरडे ओढतो, पौल दुसऱ्याविषयी बोलतो. हा फरक लक्षात घेतला की निम्मा वाद मिटतो.

उरलेला निम्मा वाद मात्र खराच आहे, आणि त्याने युरोपचे दोन तुकडे केले. मार्टिन ल्यूथर १५०५ साली एर्फुर्टच्या मठात संन्यासी झाला. उपास, जागरणे, प्रार्थना यांत त्याने कसूर केली नाही. पापांची कबुली द्यायला बसला की तासन्‌तास उठत नसे. एखादे पाप सांगायचे राहून गेले तर काय, ही धास्ती. त्याचे दुखणे आपण नीट समजून घेतले पाहिजे. सत्कर्मांनी तारण मिळायचे असेल, तर ती किती केली म्हणजे पुरेशी होतात? याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. मग जो जितका प्रामाणिक तितका तो अधिक अस्वस्थ, आणि बेफिकीर माणूस मात्र सुखी!

अशा मनःस्थितीत पौलाचे पत्र वाचताना त्याला उमगले की देवाची नीतिमत्ता ही मोजमापाची काठी नसून विश्वासाने स्वीकारायचे दान आहे. तिकडे बाजारात पापक्षमापत्रे विकली जात होती. त्या पैशातला काही भाग रोमच्या सेंट पीटर मंदिराच्या बांधकामाला आणि काही माइंत्सच्या आर्चबिशपचे कर्ज फेडायला जात होता. १५१७ साली ल्यूथरने त्याविरुद्ध पंचाण्णव मुद्दे मांडले. पुढे १५२२ च्या जर्मन नव्या करारात त्याने पौलाच्या एका वाक्यात मुळात नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला, आणि याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीची उपमा दिली. हा त्याचा अतिरेकच म्हटला पाहिजे. परंतु सत्कर्मे नकोत असे त्याने कधी म्हटले नाही. झाड चांगले असेल तर फळ आपोआप चांगले येते. फळे बांधून झाड चांगले होत नाही, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख होता.

कॅथलिक पंथाने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५४७ साली उत्तर दिले. आरंभ देवाच्या कृपेनेच होतो, हे परिषदेनेही मान्य केले. पण त्या कृपेला माणसाने साथ दिली पाहिजे, आणि प्रीतीवाचून नुसता विश्वास पुरत नाही, असा तिचा आग्रह. आपल्याकडील रामानुजांच्या परंपरेतले मर्कटन्याय आणि मार्जारन्याय येथे आठवतात. माकडाचे पिलू आईला घट्ट धरून राहते, मांजराचे पिलू नुसते उचलले जाते. उपमा तंतोतंत जुळत नाही, पण वादाची जात कळायला पुरेशी आहे.

मला स्वतःला ल्यूथरचे म्हणणे पटते, तरी मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय त्याच्या आड येतो. तेथे अंतिम न्यायाच्या वेळी भुकेल्याला अन्न दिले की नाही, एवढेच विचारले आहे. उलट क्रुसावर येशूच्या शेजारी मरणाऱ्या चोराला एकही सत्कर्म करायला सवड नव्हती, आणि त्यालाच स्वर्गाचे आश्वासन मिळते. या दोन प्रसंगांना एका सूत्रात बसवताना भल्याभल्यांची दमछाक झालेली आहे. १९९९ साली ऑगस्बुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन पंथांनी या प्रश्नावर संयुक्त निवेदन केले. तारण कृपेने, सत्कर्मे त्याचे फळ, एवढ्यावर एकमत झाले. मेथडिस्ट २००६ साली आणि रिफॉर्म्ड पंथ २०१७ साली त्यात सामील झाले. मुळात साडेचारशे वर्षे लागली!

हा सारा परदेशी काथ्याकूट वाटत असेल, तर पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहावे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. ते पुढच्याच वर्षी पुण्यास हलवले. म्हणजे धर्मही होता, सत्कर्मेही होती. तरीही आपल्या आत्मनिवेदनात त्या लिहितात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. त्या सुमारास हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे पाद्री होता, आणि स्वतःच्याच प्रवचनात उभा असताना त्याला खरा विश्वास लाभला!

रमाबाईंच्या या विश्वासाची किंमतही होती. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. त्यांची बाजू अन्यायाची होती असे मला म्हणवत नाही. पालकांचा विश्वास हीही एक जबाबदारीच होती. पण विश्वास पक्का झाल्यावर रमाबाईंचे काम थांबले नाही, उलट वाढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्या मुली शिवण, विणकाम आणि छपाई शिकल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, तेथल्याच छापखान्यातून बाहेर पडले.