मेणवलीचा वाडा आणि त्याचे दप्तर

पुण्याहून सुमारे ९० किलोमीटरांवर, वाईनजीक कृष्णेच्या काठी मेणवली येथे नाना फडणीस (१७४२–१८००) यांचा वाडा उभा आहे. सकाळी निघून सायंकाळी परतता येईल इतकेच हे अंतर असल्याने सहलीसाठी तेथे जाण्याचा प्रघात आहे; चित्रपटांच्या चित्रणामुळे तेथील घाटही सर्वपरिचित झाला आहे. तथापि अभ्यासकाच्या दृष्टीने या स्थळाचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. वाडा मेणवलीस राहिला आणि त्याचे दप्तर पुण्यास आले, हे ते वैशिष्ट्य होय.

मेणवली गाव नानांस इ. स. १७६८ मध्ये इनाम मिळाला. त्यानंतर तेथे वाडा, घाट आणि मेणेश्वर व विष्णू यांची देवालये उभी राहिली. वाड्याची मांडणी एकामागून एक येणाऱ्या चौकांची आहे. बाहेरील चौकांत कारभार व अभ्यागत, आतील चौकांत कुटुंब, आणि मागील बाजूस नदीकडे उतरणारी वाट, असा क्रम अशा वाड्यांत सामान्यतः आढळतो. कोणास कोठवर प्रवेश होता, हे चौकांवरून व दरवाजांवरून अनुमानता येते. परंतु तेथे कोण आले, कोणते व्यवहार झाले, हे भिंती सांगू शकत नाहीत.

ते सांगणारे मोडी कागद, म्हणजेच मेणवली दप्तर, द. ब. पारसनीस (१८७०–१९२६) यांच्या संग्रहात आले. तो संग्रह प्रथम साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयात होता. १९३९ मध्ये तो पुण्यास डेक्कन कॉलेजात आणण्यात आला. स्थलांतरामुळे कागदांना विद्यापीठीय अभ्यासाचे स्थान लाभले, हा लाभ निःसंशय आहे. मात्र त्यामुळे वास्तू आणि तिचा पुरावा यांची ताटातूट झाली.

या ताटातुटीचा परिणाम तेथील घंटेच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मेणेश्वराजवळील ही घंटा मूळची पोर्तुगीज चर्चमधील असून चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर ती आणली, असे सांगितले जाते. वसई मराठ्यांच्या हाती आली १७३९ मध्ये. चिमाजी अप्पा निवर्तले १७४० मध्ये. नानांचा जन्म १७४२ चा. आणि गाव इनाम मिळाला १७६८ मध्ये. अर्थात विजय व इनाम यांत २९ वर्षांचे अंतर पडते. घंटा वसईचीच मानली, तरी चिमाजी अप्पांनी ती नानांच्या देवालयास दिली असणे शक्य नाही. मधल्या काळात ती कोठे होती व कोणाच्या आज्ञेने येथे आली, हा प्रश्न शिल्लक राहतो. नाशिकचे नारोशंकराचे देवालय व भीमाशंकर येथील घंटांविषयीही अशीच परंपरा असल्याने हा प्रश्न एका गावापुरता राहत नाही.

घंटा पाहिल्यावाचून हा प्रश्न सुचत नाही आणि कागद वाचल्यावाचून त्याचा निर्णय लागत नाही. यास्तव पदव्युत्तर विद्यार्थ्यांची मेणवलीची सहल दप्तराच्या परिचयानंतर निघावी, आणि परतल्यावर पुन्हा दप्तराकडेच वळावी, हे इष्ट होय. वाडा दुरुस्तीअभावी ढासळला तर पुन्हा उभारता येतो, कागद जीर्ण झाले तर त्यांची नक्कल करता येते. पण दोहोंतील संबंध ओळखणारा वाचक नाहीसा झाला, तर ही दोन्ही साधने मुकी होतील.