अंगठा, जीभ आणि तारेचे कुंपण

नेरळहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये आईच्या मांडीवर अंगठा तोंडात घालून झोपलेले एखादे मूल हमखास दिसते. त्यात वावगे काही नाही. काही बाळे तर गर्भात असतानाच अंगठा चोखतात, हे सोनोग्राफीत दिसलेले आहे. बहुतेक मुलांची ही सवय दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपोआप सुटते. काहींची मात्र सुटत नाही. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे कायमचे दात येऊ लागतात. तेव्हाही अंगठा तोंडातच असेल, तर वरचे दात पुढे येतात, खालचे आत झुकतात आणि दाढा मिटल्या तरी पुढे फट उरते. अशा मुलाला पेरूचा नीट चावा घेता येत नाही. शिवाय वर्गात चिडवणारे असतातच.

पण मऊ अंगठ्याने हाडात रोवलेला दात हलतो कसा? याच दातांनी आपण ऊस सोलतो. त्या वेळी दातांवर कित्येक किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो, तरी दात जागचा हलत नाही. उलट, दात कलता करण्यासाठी दंतवैद्य जी तार बसवतात, तिचा जोर साधारण ३५ ते ६० ग्रॅम वजनाइतका, म्हणजे अर्ध्या न्यूटनच्या आसपास असतो. तेवढ्याने दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो!

याचे उत्तर होळीच्या पिचकारीत सापडेल. पिचकारी पाण्याने भरा आणि दांड्यावर झटकन बुक्की मारा. बारीक भोकातून पाण्याला तितक्या चटकन बाहेर पडता येत नाही, त्यामुळे दांडा जेमतेम हलतो. आता तोच दांडा हलक्या हाताने दाबून धरा. तो सावकाश थेट टोकापर्यंत जातो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते आणि त्यात द्रव भरलेला असतो. ऊस सोलताना क्षणभरच जोर येतो, तो हा द्रव पेलून धरतो. दाब टिकून राहिला की मात्र द्रव बाजूला सरतो आणि तंतू चेपले जातात. असे काही तास चालले, म्हणजे तेथील पेशी कामाला लागतात. दाब असलेल्या बाजूचे हाड झिजवले जाते आणि ताण असलेल्या बाजूला नवे हाड रचले जाते. दात हाडातून सरकतो तो असा. यासाठी दाब दिवसातून सुमारे सहा तास तरी टिकावा लागतो. म्हणून दिवसा मिनिटभर मचामचा अंगठा चोखणाऱ्या मुलापेक्षा रात्रभर तो नुसता तोंडात ठेवून झोपणाऱ्याचे दात अधिक बिघडतात.

दातांच्या आतल्या बाजूला जीभ आणि बाहेरच्या बाजूला ओठ व गाल, अशी ही जोडी एरवी समतोल राखून असते. अंगठा तोंडात शिरला की जबडा खाली येतो आणि जीभही त्याच्याबरोबर खाली जाते. गालांचा दाब मात्र चालूच राहतो. त्याला आतून उत्तर देणारे कोणी उरत नाही, आणि वरच्या दातांची कमान अरुंद होत जाते.

आता जिभेकडे वळू. पाण्याचा घोट गिळून पाहा. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकले ना? काही मुले गिळताना जीभ दातांमधून पुढे रेटतात. दात पुढे येण्याचा दोष पुष्कळदा या रेट्याला दिला जातो. पण हिशेब करून पाहा. आपण दिवसाकाठी फार तर हजार वेळा गिळतो आणि प्रत्येक वेळी दाब सेकंदभर टिकतो. म्हणजे झाले १,००० सेकंद, सुमारे १७ मिनिटे. सहा तासांचे सेकंद होतात २१,६००. तेव्हा गिळण्याने दात सरकणे अवघडच. न गिळतानाही जीभ पुढे टेकून बसत असेल, तर मात्र ती दोषी ठरते. कित्येकदा आधी अंगठ्यामुळे फट पडते आणि मग गिळताना तोंड बंद राहावे म्हणून जीभ ती फट बुजवायला पुढे येते. तेव्हा गिळताना जीभ पुढे येते म्हणून मुलाला रागावणे मला अन्यायाचे वाटते.

सवय मोडण्यासाठी आपल्याकडे अंगठ्याला कडुनिंबाचा रस किंवा काळा बोळ लावतात. मिरची लावणारेही आहेत. तोच हात डोळ्याला लागला तर काय होईल, याचा विचार ते करत नसावेत! आधी मुलाशी बोलावे, न चोखलेल्या दिवसांच्या खुणा कॅलेंडरवर करू द्याव्यात. मुलाला स्वतःला सवय सोडायची आहे पण झोपेत अंगठा तोंडात जातोच, अशा वेळी दंतवैद्याचे उपकरण कामी येते. वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांवर पोलादी कडी बसवतात. सुमारे एक मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तार टाळूलगत वळवून या कड्यांना जोडतात आणि पुढच्या दातांच्या मागे तारेचे लहानसे कुंपण उभे करतात. हे कुंपण दातांना ढकलत नाही. अंगठा टाळूला टेकू न दिल्याने चोखताना हवा कोंडली जात नाही, आणि चोखण्यातली गंमतच जाते. जीभही मागे राहते. अमेरिकेतील केंटकी राज्यातले हॅस्केल आणि मिंक यांनी १९९१ साली कुंपणाऐवजी टाळूजवळ फिरणारी छोटी षट्कोनी फिरकी सुचवली. मुलाची जीभ ती फिरवण्यात रमते. मला ही कल्पना अधिक मायाळू वाटते.

सवय मोडल्यावर ओठांचा दाब पुन्हा आपले काम करू लागतो. मूल लहान असेल तर फट बरीचशी आपोआप मिटते. उशीर झाला असेल तर पुढे वेगळी तार लावावी लागते. नेरळ परिसरातल्या पालकांना मुंबई सेंट्रलजवळचे, १९३३ साली स्थापन झालेले नायर दंत महाविद्यालय दादरला गाडी बदलून गाठता येते. आपल्या रायगड जिल्ह्यात कामोठे आणि खारघर येथेही दंत महाविद्यालये आहेत.

घरातल्या धाकट्या भावंडाला असे उपकरण बसवले, तर पहिले काही दिवस त्याचे ‘स’ आणि ‘त’ बोबडे येतील. तारेत अन्न अडकेल, म्हणून दात अधिक काळजीने घासावे लागतील. सवय सुटली असे वाटल्यावरही उपकरण आणखी तीन ते सहा महिने ठेवतात. ते काढल्यावर जिभेवर तारेचा ठसा उमटलेला दिसला तर घाबरू नये. पुढे तो नाहीसा होतो.