देवराईचे छायाचित्र आणि काळाची मोजदाद



हातखंब्याच्या तिठ्यावर तीन रस्ते मिळतात. एक चिपळूणकडून येतो, एक पालीकडे जातो आणि एक रत्नागिरीत उतरतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात या मार्गाच्या कडेची पुष्कळ जुनी झाडे गेली. ती किती वर्षांची होती, असे कोणाला विचारावे, तर उत्तर येते, ‘आजोबांच्याही आधीची.’ या उत्तरात आदर आहे. वय मात्र नाही.

थंड प्रदेशातील झाडाच्या खोडात दरसाल एक वर्तुळ पडते. ती मोजली की वय कळते. आपल्याकडे सागाच्या खोडात अशी वर्तुळे दिसतात. परंतु कोकणातल्या बहुतेक सदाहरित वृक्षांत ती स्पष्ट उमटत नाहीत. शिवाय ती मोजायची तर खोड कापावे लागते, नाहीतर त्यात गिरमिट घालावे लागते. देवराईत हे कोण करू देणार?

देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, आणि तशीच वेळ आली तर आधी देवाला कौल लावायचा, असा रिवाज. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून या रिवाजाचे मोल शास्त्राच्या भाषेत मांडले. ज्या झाडांचे वय कापून पाहता येत नाही, त्यांच्या काळाची नोंद ठेवण्याचे एक साधन आपल्या हाती आहे. ते म्हणजे छायाचित्र.

छायाचित्र क्षण पकडते, असे आपण म्हणतो. पण ते अर्धेच खरे आहे. 1838 साली दागेर या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र घेतले. भिंग काही मिनिटे उघडे ठेवावे लागल्याने धावत्या गाड्या आणि चालती माणसे त्यात उमटलीच नाहीत. बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक मनुष्य तेवढा राहिला. जे थांबते ते उमटते, जे धावते ते पुसले जाते.

देवराईतही हेच घडते. भर दुपारीही तेथे उजेड थोडा; म्हणून कॅमेरा तिवईवर बसवून पडदा सेकंद-दोन सेकंद उघडा ठेवावा लागतो. वाऱ्याने हलणारी पाने धुरासारखी होतात. बेहड्याचा बुंधा आणि गारंबीचा पिळदार वेल मात्र रेखीव येतात. एकाच चित्रात वाऱ्याचा काळ आणि वृक्षाचा काळ शेजारी बसतात.

परंतु एका चित्राने वाढ कळत नाही. त्याच दगडावर तिवई ठेवून, त्याच महिन्यात, त्याच भिंगातून, दर पाच वर्षांनी चित्र घ्यावे. बुंध्याशी एक माणूस उभा करावा, म्हणजे आकाराचे माप मिळते. मागे तारीख, गाव आणि झाडाचे नाव लिहावे, घेर दोरीने मोजून तोही लिहावा, आणि एक प्रत देवळात ठेवावी.

हे काम निव्वळ हौसेचे नाही. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की खर्चासाठी राईतली झाडे विकावीत, असा विचार अनेक गावांत झालेला आहे. अशा बैठकीत ‘झाड फार जुने आहे’ हे बोलणे हवेत विरते. तीच चित्रे ओळीने मांडली, आणि पहिल्या चित्रातला बुंध्याशी उभा असलेला तरुण आज समोर पिकल्या केसांनी बसलेला असला, तर झाड विकण्याचा ठराव मांडणाऱ्यालाही क्षणभर थांबावे लागेल. कौल लावण्यापूर्वी गावाला एवढा विचार करता आला, तरी कॅमेऱ्याचे काम झाले.