डोक्यावर एज्युकेशन लोन आहे, मग धंद्यात उतरायचं की नाही?



कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलं ट्रेनिंगला आली की एक प्रश्न हमखास येतो. "सर, एज्युकेशन लोन चालू आहे. आधी नोकरी करून ते फेडू, की सरळ धंदा सुरू करू?" घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं: आधी कर्ज फेड, मग काय ते बघ. व्हिडिओत यावर थोडक्यात बोललोय. इथे जरा आकडे मांडतो, कारण वही-पेन घेऊन बसल्याशिवाय हा प्रश्न सुटतच नाही.

समजा, इंजिनिअरिंगची चार वर्षं आहेत. दरवर्षी दीड लाख, असं सहा लाखांचं कर्ज. व्याज १० टक्के धरू. कोर्सचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. याला बँकेत मोरेटोरियम म्हणतात. बऱ्याच मुलांना वाटतं की या काळात मीटर बंद असतो. मीटर चालूच असतो! पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज ७५ हजार, दुसऱ्यावर चार वर्षांचं ६० हजार, मग ४५, मग ३०. बेरीज झाली २ लाख १० हजार. इथपर्यंत ते सरळ व्याज असतं. मोरेटोरियम संपला की ते मुद्दलात मिळवतात आणि तिथून पुढे व्याजावर व्याज. म्हणजे घेतले सहा लाख, पण हप्ता बसतो ८ लाख १० हजारांवर. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १०,७०० रुपये.

आता हा हप्ता धंद्याच्या भाषेत बघू. तुम्हाला सीबीडीत नाश्त्याचा स्टॉल टाकायचाय. एका प्लेटमागे सगळा खर्च जाऊन १५ रुपये सुटतात. १०,७०० भागिले १५ म्हणजे महिन्याला ७१३ प्लेट. पण महिना तीस दिवसांचा धरू नका. कोकण भवन, सिडको भवनचा हा पट्टा ऑफिसवाल्यांवर चालतो, आणि राज्य सरकारी ऑफिसांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी-रविवारी इथे कावळे बसतात. म्हणजे खरे दिवस २२. रोजच्या पहिल्या ३२ प्लेट फक्त बँकेसाठी. भाडं, मदतनीस, तुमचा स्वतःचा पगार, हे सगळं तेहतिसाव्या प्लेटपासून सुरू होतं.

हा आकडा बघून घाबरायचं नाहीये. तो आधीच कमी करता येतो, आणि तेही कॉलेजात असतानाच.

कोर्स चालू असताना तेवढं व्याज भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० रुपये लागतात, दुसऱ्या वर्षी २,५००, असं वाढत चौथ्या वर्षी ५,०००. मग हप्ता बसतो फक्त सहा लाखांवर, साधारण ७,९०० रुपये. म्हणजे ३२ ऐवजी २४ प्लेट. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सवलतही देतात, ती मागून घ्या. शिकवण्या घ्या, रील एडिट करून द्या, एखाद्या सीएकडे एंट्री मारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' या एका विचारावर रयत शिक्षण संस्था उभी केली. आपल्या वाशीत त्यांच्या नावाचं कॉलेजही आहे. पार्ट-टाइम काम करायला लाज वाटणाऱ्या मुलांनी हा इतिहास एकदा वाचावा.

पण त्याच्याही आधीचा मुद्दा: कर्ज घेण्याआधी फुकटचा पैसा संपवा. 'फुकटचा' म्हणजे तुमच्या हक्काचा.

महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तशाच मागास प्रवर्गांसाठी वेगवेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळाली. पण ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच, आणि अभिमत विद्यापीठांत ती लागू नाही. नवी मुंबईत अभिमत विद्यापीठं आहेत, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी कॉलेज कोणत्या प्रकारात मोडतं ते विचारा. नंतर विचारून काही होत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचा एक लोकल घोळ सांगतो. बेलापूर ठाणे तालुक्यात येतं आणि शेजारचं खारघर पनवेलमध्ये, तेही वेगळ्या जिल्ह्यात. एका स्टेशनाच्या फरकानं तहसील बदलतं. 'आपले सरकार'वर अर्ज भरताना तालुका चुकला की आठवडे जातात आणि महाडीबीटीची मुदत कोणासाठी थांबत नाही. शिष्यवृत्ती दरवर्षी रिन्यू करावी लागते, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट नेहमी घडते. फी कर्जातून भरलेली असते आणि शिष्यवृत्ती नंतर खात्यात जमा होते. खात्यात एकरकमी पैसे दिसले की नवा फोन येतो! ते पैसे त्याच आठवड्यात लोन खात्यात भरा. फ्लोटिंग दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लागत नाही.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेची चौकशी नक्की करा. ठरावीक मान्यता असलेल्या संस्थांतल्या तांत्रिक-व्यावसायिक कोर्ससाठी मोरेटोरियममधलं व्याज सरकार भरतं. वरच्या हिशोबातले ते २ लाख १० हजार आठवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमधल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. मात्र कोर्स मध्येच सोडला तर व्याज अनुदान जातं. कॉलेज सोडून कंपनी काढणाऱ्या अमेरिकन पोरांच्या गोष्टी ऐकून डिग्री अर्धवट टाकायचा विचार असेल, तर आधी हा खर्च मांडा.

आता मूळ प्रश्न. नोकरी की धंदा?

मला इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातली काही वर्षं आठवतात. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्याबदल्यात बडोदा संस्थानात नोकरी करायची अट होती. मदतीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून ते परतले आणि ठरल्याप्रमाणे बडोद्याला रुजूही झाले. पण अस्पृश्य म्हणून तिथे राहायला जागा मिळेना. मुंबईला येऊन त्यांनी शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळल्यावर गिऱ्हाईकं यायची थांबली. त्या काळात गुंतवणुकीवर सल्ला द्यायला एवढा शिकलेला माणूस मुंबईत शोधून सापडला नसता, तरी धंदा बंद करावा लागला. मग त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये उसने घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एससी. झाले.

बाबासाहेबांच्या वाट्याला जे आलं त्याच्याशी आपल्या हप्त्याची बरोबरी होऊच शकत नाही. पण पैशाची बाजू बघा. शिष्यवृत्ती, अट, व्यवसाय, नोकरी, उसने पैसे, हे सगळं सात-आठ वर्षांत एकामागून एक आलं. सिडनहॅमची नोकरी हे त्यांचं लंडनचं भांडवल होतं. 'नोकरी की धंदा' हा जन्माचा निर्णय नसतो, दोन वर्षांचा असू शकतो. ज्याचा हप्ता १०,७०० आहे आणि घरात दुसरा कमावता नाही, त्यानं दोन वर्षं नोकरी करून सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढावेत आणि शनिवार-रविवारी धंद्याची ट्रायल घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचं व्याज सरकारनं भरलंय आणि आई किंवा वडील कमावतायत, त्यानं थांबायचं कारण मला दिसत नाही.

लगेच उतरायचं असेल तर बँकेशी आधी बोला. इंडियन बँक्स असोसिएशनच्या ज्या आदर्श योजनेवर बहुतेक बँकांचं शैक्षणिक कर्ज चालतं, तिच्यात एक तरतूद आहे जी मुलांना कोणी सांगत नाही: शिक्षणानंतर स्टार्टअप करणाऱ्याला इन्क्युबेशनच्या काळासाठी मोरेटोरियम देता येतो. बेकारीच्या काळासाठीही तशी सोय आहे. देणं न देणं बँकेच्या हातात, आणि व्याज चालूच राहतं. पण मागितल्याशिवाय कोण देणार? दुसरा मार्ग मुदत वाढवण्याचा. ८ लाख १० हजार दहाऐवजी पंधरा वर्षांत फेडले तर हप्ता ८,७०० वर येतो. महिन्याला २,००० वाचतात, पण एकूण जवळपास २ लाख ८० हजार जास्त जातात. सुरुवातीला हप्ता कमी ठेवा आणि धंदा बसला की जादा भरत जा.

सगळ्यात वाईट काय, तर फोन उचलायचं बंद करणं. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं. सहकर्जदार म्हणून आई-वडिलांची सही असते, त्यामुळे त्यांचाही रिपोर्ट बिघडतो. उद्या मुद्रा लोनला जाल, शिशुमध्ये ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तारण लागत नाही हे खरं. पण मॅनेजर पहिल्यांदा तुमचा क्रेडिट रिपोर्ट उघडणार, आणि त्यात पहिली ओळ असणार ती तुमच्या एज्युकेशन लोनची. वेळेवर भरलेले बारा-पंधरा हप्ते तिथे दिसले तर तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा ते जास्त बोलतात.

प्रत्येक क्रेडिट ब्युरोला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. या आठवड्यात तो काढा. सोबत बँकेतून लोन खात्याचं स्टेटमेंट घ्या आणि तीन आकडे वहीत उतरवा: आजपर्यंत साठलेलं व्याज, पहिल्या हप्त्याची तारीख, हप्त्याची रक्कम. मग तुमच्या धंद्यात एका नगामागे किती सुटतात त्यानं हप्त्याला भागा. कोर्स संपायला सहा महिने असतानाच मोरेटोरियम वाढवण्याचा अर्ज लेखी द्या, उद्यम नोंदणीची प्रत जोडा (ती नोंदणी मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका), आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.