दोन सीडी प्लेअर, एक चादर आणि सव्वा डेसिबल

ज्यांना ऑफिसात हेडफोन लावता येत नाहीत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना झालेलं चऱ्हाट थोडं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

विषय माझ्या मामामुळे सुचला. मामा गेल्या वर्षी रिटायर झाला. त्याच्याकडे तीनेकशे सीडी आहेत, बहुतेक शास्त्रीय, आणि प्लेअर पंधरा वर्षांचा जुना. एका दुकानात त्याला पावणेदोन लाखांचा प्लेअर ऐकवला आणि मामा घरी आला तो भारावूनच. "अरे, त्याच्यावर तानपुरा वेगळा दिसतो रे!" दिसतो म्हणाला, बरं का. पैसे ग्रॅच्युइटीतले. मामीचा मला फोन: "तू इंजिनिअर ना? खरंच एवढा फरक असतो का, ते बघ एकदा. नंतर भांडण नको."

आता आधी थोडं तांत्रिक. सीडीवर असतात नुसते आकडे. दर सेकंदाला प्रत्येक चॅनलचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा. प्लेअरचं पहिलं काम हे आकडे बरोबर वाचणं. त्यात चुका दुरुस्त करायची सोय मुळातच आहे; ट्रॅकच्या दिशेने जवळजवळ अडीच मिलिमीटरचा ओरखडा असला तरी गेलेले आकडे जसेच्या तसे परत मिळवता येतात. म्हणजे सीडी धड असेल तर पाच हजारांच्या आणि पाच लाखांच्या मशीनला मिळणारे आकडे तेच. आमच्या भाषेत सांगायचं तर चेकसम जुळतो.

फरक पडू शकतो तो पुढे. आकड्यांचं व्होल्टेज करणारा कन्व्हर्टर, मग फिल्टर, मग आउटपुट. सुरुवातीच्या मशीनमध्ये तिथे खरंच तडजोडी होत्या. १९८२ मध्ये आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ मध्ये डाव्या-उजव्या चॅनलला मिळून एकच कन्व्हर्टर होता, त्यामुळे एक चॅनल दुसऱ्यापेक्षा सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे. फिलिप्सने त्या काळात १४ बिटचा कन्व्हर्टर वापरला आणि चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून १६ बिटांचं काम त्यावर भागवलं. पण हे सगळं पुढे इतकं स्वस्त झालं की साध्या प्लेअरमधली चिपसुद्धा कानाच्या मर्यादेपलीकडे गेली.

मग मामाला ऐकू आलं ते काय?

यावर एकच उपाय: नाव आणि किंमत झाकून ऐकायचं. याची प्रसिद्ध पद्धत म्हणजे एबीएक्स. आधी अ ऐका, मग ब, मग 'क्ष'. क्ष हा दोघांपैकीच एक असतो, कोणता ते तुम्ही सांगायचं. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये अशा तुलनेसाठीच्या यंत्राबद्दल लिहिलं होतं. आमच्याकडे यंत्र वगैरे काही नव्हतं. दुकानदार भला माणूस, डिपॉझिट घेऊन दोन दिवसांसाठी प्लेअर घरी न्यायला दिला. दोन्ही मशीन चादरीमागे, मामेबहीण नाणं उडवून क्ष ठरवणार आणि एक शब्द बोलणार नाही. मी मामाच्या शेजारी. मलाही उत्तर माहीत नसलं पाहिजे ना, नाहीतर माझ्या चेहऱ्यावरून कळायचं.

सीडीची कॉपी काढून दोन्हीकडे तोच ट्रॅक लावला. दोन मशीन एकाच वेळी सुरू करून मध्येच स्विच मारायचा प्रयत्न आधी केला. एक जरासं मागे राहतं आणि तेवढ्यावरून ओळखता येतं. म्हणून दर वेळी ट्रॅक पहिल्यापासून, वीस-वीस सेकंद. यात तोटा असा की मध्ये वेळ जातो आणि आवाजाच्या बारकाव्यांची आठवण फार टिकत नाही. असो, घरगुती मामला.

शनिवारी १६ पैकी १४ बरोबर! मामा खुर्चीतून उठलाच. मी गप्प. नुसत्या नशिबाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के, आणि इथे तर १४. (मात्र वीस जणांना बसवलं, तर त्यातला निदान एक जण निव्वळ नशिबाने बारा गाठण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. फ्लेकी टेस्ट पुन्हा पुन्हा रन करून हिरवी करणाऱ्यांना हे सांगायला नको.)

रात्री डोक्यात प्रकाश पडला. चूक माझीच होती, मी आवाजाची पातळी जुळवलीच नव्हती. १०० हर्ट्झचा सूर सीडीवर लिहिला आणि मल्टिमीटर लावला. १०० अशासाठी की स्वस्त मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला धड मोजत नाही. जुना प्लेअर २.० व्होल्ट, नवा २.३. म्हणजे नवा सव्वा डेसिबलने मोठा. एवढ्याशा फरकाला आपण 'आवाज मोठा आहे' असं म्हणत नाही. आपण म्हणतो, जास्त स्पष्ट आहे, तानपुरा मोकळा वाटतो. आणि अशा चाचणीत साधारण ०.१ डेसिबलच्या आत जुळवायचं असतं, म्हणजे दोन व्होल्टवर जवळजवळ २० मिलिव्होल्ट.

रविवारी सकाळी तपकीर गल्ली बंद, म्हणून जुन्या अॅम्प्लिफायरमधलं पोटेन्शिओमीटर काढून नव्या प्लेअरची पातळी खाली आणली, दोन्ही चॅनल वेगवेगळे मोजून. पुन्हा १६ फेऱ्या.

नऊ बरोबर.

आता एका घरातल्या १६ फेऱ्यांनी जगातले सगळे प्लेअर सारखे ठरत नाहीत, आणि फरक ओळखता आला नाही म्हणजे फरक नाहीच असंही नाही. पण मोठ्या चाचण्या बघा. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी हाय-रिझोल्यूशन डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जाच्या १६ बिटांतून नेऊन लोकांना ऐकवला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तर सरासरी २७७ आली असती! त्यांच्यावर टीका झाली की काही डिस्कवरचं मूळ ध्वनिमुद्रण हाय-रिझोल्यूशन नव्हतंच, आणि ती टीका मला रास्त वाटते. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा लहानसा पण संख्याशास्त्रात टिकणारा फरक निघाला, प्रशिक्षित कानांना जरा जास्त. म्हणजे वाद संपलेला नाही. पण तिथे तुलना हाय-रिझोल्यूशन आणि सीडी अशी होती. आपल्यापुढे दोन्हीकडे तेच सीडीचे आकडे.

एक अपवाद आहे. काही महागडे प्लेअर मुद्दाम वेगळे बनवतात. ओव्हरसॅम्पलिंग न करणारा कन्व्हर्टर घेतला आणि पुढे भरपाई केली नाही, तर २० किलोहर्ट्झला आवाज ३ डेसिबलहून थोडा जास्तच खाली येतो. तरुण कानाला ते जाणवू शकतं. आवडलं तर जरूर घ्या, पण ती चव आहे, अचूकता नव्हे.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण मला ऐकू आलं होतं रे. मी काय खोटं बोलत होतो?" नाही ना! शनिवारचे चौदा खरेच होते. फरक होता, कानाने तो पकडलाही होता. फक्त त्याचं कारण चिपमध्ये नव्हतं, ०.३ व्होल्टमध्ये होतं. मी जुन्या अॅम्प्लिफायरचा आवाज जरासा वाढवून दाखवला. मामाने डोळे मिटले आणि म्हणाला, "हं. आला तानपुरा."

सोमवारी प्लेअर परत गेला. मामा तिथून दोन सीडी घेऊन आला, मामी त्यावरही बोललीच. जुन्या मशीनचा ट्रे अडकतो, त्याचा पट्टा बदलायला टाकलाय.

तुमच्याकडे दोन प्लेअर असतील तर करून बघा आणि किती बरोबर आले ते मला कळवा. व्होल्टेज मोजलं नसेल तर मात्र आकडा धरणार नाही! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.