दसऱ्याचा झेंडू, भोगीचे गाजर

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बारामती-इंदापूरच्या घराघरांत भोगीची भाजी शिजते. वांगी, पावटा, ओला हरभरा, बोरे आणि त्यांच्यासोबत गाजर हवेच. दुसऱ्या दिवशी सुगडातही गाजराचे तुकडे जातात. ही गाजरे बहुतेक घरी बाजारातून येतात. ज्यांनी ती अंगणात किंवा गच्चीवर लावून पाहिली, त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार एकच असते: वर पाला हिरवागार, आणि उपटले की खाली दोन-तीन तंगड्या फुटलेले, गाठाळ, केसाळ मूळ. मग विचारणा सुरू होते, कोणते औषध मारू? तोवर हंगाम संपलेला असतो. या दोन तालुक्यांत गाजराचे मोठे शत्रू मातीत आणि पाण्यात दडलेले आहेत. त्यांचा बंदोबस्त बी पेरण्याआधीच करावा लागतो.

परदेशी बागकामाची पुस्तके चाळली, तर गाजराच्या किडींत पहिले नाव ‘गाजरमाशी’चे दिसते. वाफ्याभोवती दोन फुटी जाळीचे कुंपण करा, शेजारी कांदा लावा, म्हणजे वासाने माशी चकेल, असा सल्ला तिथे असतो. थंड, दमट युरोपात तो उपयोगी आहे. पण आपल्या कोरड्या, उन्हाच्या पट्ट्यात या माशीची डोकेदुखी नाही. जाळीवर पैसे घालण्याआधी गाजराचे मूळ वाढते कसे, हे पाहिलेले बरे.

बी रुजल्यावर पहिले तीन-चार आठवडे गाजर जाड होतच नाही. एक दोऱ्याएवढे बारीक मूळ सरळ खाली धावत असते. गाजराची लांबी किती, हे याच दिवसांत ठरते. जाडी नंतर भरते. मुळाच्या टोकाला खडा लागला, न कुजलेले शेण लागले, घट्ट काळी ढेकळे आडवी आली किंवा कुणी ते टोक कुरतडले, तर मुख्य मूळ थांबते आणि बाजूची मुळे पुढे निघतात. तंगड्या फुटतात त्या अशा. म्हणूनच रोपवाटिकेतून ट्रेमधली रोपे आणून लावायची इथली सवय गाजराला चालत नाही. उपटून लावताना टोक दुखावतेच. गाजर जागेवरच पेरायला हवे.

हे टोक कुरतडणाऱ्यांत सर्वांत घातक आहे मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी. डाळिंब किंवा पेरूची बाग असलेल्या इंदापूरच्या शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यायला नको. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, दिसला असता तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, पारदर्शक धागा. अंड्यातून निघालेले पिल्लू ओलसर मातीतून सरपटत कोवळ्या मुळाच्या टोकाशी पोहोचते, आत शिरते आणि एका जागी ठाण मांडते. मग जे घडते ते विलक्षण आहे. त्याच्या लाळेतल्या द्रव्यांमुळे आजूबाजूच्या चार-सहा पेशींचा कारभारच बदलतो. त्यांची केंद्रके विभागत राहतात, पण पेशी स्वतः विभागत नाही. ती फुगते, फुगत जाते, आणि झाडाने गाजरात साठवायचे अन्न या परक्या जिवाला पाजत राहते. भोवतालचे ऊतकही सुजते. तीच गाठ आपल्याला दिसते. आत मादी नाशपातीसारखी फुगून बसते आणि मुळाच्या पृष्ठभागावर चिकट पिशवीत काही शे अंडी घालते. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या जातीच्या मादीला त्यासाठी नराची गरजही लागत नाही. उबदार मातीत हे चक्र महिनाभरात पूर्ण होते. गाजराचे पीक तीन महिन्यांचे, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. माती जितकी गार, तितका हा कृमी मंद. ऑगस्टच्या उबदार मातीत पेरलेल्या गाजराला हिवाळ्याच्या तोंडावर पेरलेल्या गाजरापेक्षा जास्त मार बसतो, तो यामुळेही.

घरच्या कुंडीत हा पाहुणा येतो कुठून? बहुतेक वेळा आपणच त्याला आणतो. ‘चांगली काळी माती’ म्हणून बागेतल्या झाडाखालची पाटीभर माती घरी येते, तिच्यासोबत अंडीही येतात. एकदा आलेला सूत्रकृमी पिकावर फवारणी करून जात नाही.

त्यावर आपल्याकडे फुकटचा इलाज आहे: वैशाखातले ऊन. १९७६ मध्ये इस्राएलच्या याकोव काटान आणि सहकाऱ्यांनी ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून नुसत्या उन्हाने मातीतले रोगकारक मारता येतात, हे प्रयोगांनी दाखवले. बारामतीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांना भिडतो. असा सूर्य वाया घालवणे मला तरी पटत नाही. वाफ्यातली ढेकळे फोडा, माती भिजवा, वाफसा आला की पातळ पारदर्शक कागद ताणून कडा मातीत गाडा आणि चार ते सहा आठवडे हात लावू नका. काळा कागद नको. तो ऊन स्वतःच शोषतो, पारदर्शक कागद ते मातीपर्यंत पोहोचू देतो. माती ओली असणे तितकेच महत्त्वाचे, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते आणि सुप्तावस्थेतला जीव जागा होऊन सोसायला दुबळा होतो. कुंडीसाठी ओली माती पारदर्शक पिशवीत भरून गच्चीवर वीतभर जाडीच्या थरात पसरली तरी पुरते. अर्थात उपयुक्त जिवाणूही थोडे मरतात. म्हणून नंतर पूर्ण कुजलेले शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळायची.

यानंतरची पायरी मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण ती आपल्या पंचांगात आपोआप बसते. जुलैत त्याच वाफ्यात झेंडू लावा. कोपऱ्यात शोभेपुरती दोन रोपे लावून भागणार नाही. सगळा वाफा दाट भरला पाहिजे. झेंडूच्या मुळांतील गंधकयुक्त द्रव्ये सूत्रकृमीला मारक असतात, हे नेदरलँड्सच्या संशोधकांनी १९५८ मध्येच दाखवून दिले होते. कृमी झेंडूच्या मुळात शिरतो, पण तिथे त्याची वाढ होत नाही, वंश पुढे जात नाही. दोन-तीन महिने वाफा झेंडूच्या ताब्यात राहिला की मातीतली संख्या घटते. दसऱ्याला तोरणाला फुले मिळतात. मग झाडे काढायची, जाड मुळे वेचून टाकायची, माती वीतभर भुसभुशीत करायची आणि कोजागरीच्या आसपास गाजर पेरायचे. भोगीपर्यंत पहिली गाजरे काढायला येतात. दसरा फार उशिरा आला तर ती थोडी कोवळी निघतील, इतकेच.

आता पाण्याकडे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि या दुष्काळी पट्ट्यात ऊस आला. पण अवघ्या २५ वर्षांत, १९१० मध्ये, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पत्रिका लिहावी लागली. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाणी मुरत राहते, वर चढते, उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. गाजर हे क्षाराच्या बाबतीत सर्वांत नाजूक भाज्यांपैकी एक. शेतकरी ज्याला ईसी म्हणतात, ती मातीची विद्युतवाहकता १ डेसिसायमन प्रतिमीटरच्या पुढे गेली की गाजराचे उत्पादन घटू लागते, आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे १४ टक्क्यांनी घसरते. बीट ४ पर्यंत तग धरते, कापूस ७ च्याही पुढे. ज्या बोअरच्या पाण्यावर शेजारचा ऊस उभा आहे, त्याच पाण्यावर तुमचे गाजर खुरटेल, आणि तुम्ही कीड शोधत बसाल. कुंडीच्या काठावर पांढरा पापुद्रा धरत असेल तर ती खूण ओळखा. माळेगाव-शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी तपासून मिळते. घरच्या वाफ्यासाठीही ती तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. पाणी खारट निघाले तर निदान उगवणीच्या काळात पावसाचे साठवलेले पाणी वापरा.

पेरणीचे थोडक्यात. कुंडी किंवा पिशवी किमान एक फूट खोल हवी. माती पोयट्याची, चाळलेली. काळी माती असेल तर त्यात कोकोपीट आणि कुजलेले खत भरपूर. बी बारीक वाळूत मिसळून एक सेंटिमीटर खोल ओळीत पेरा. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, आणि तेवढ्यात वरचा थर एकदा जरी कडक वाळला तरी उगवण फसते. ओले गोणपाट झाका, पहिला कोंब दिसताच काढा. रोपे बोटभर झाली की दोन-अडीच इंचांवर एक ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटली तर शेजाऱ्याचे मूळ हलते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा केसर’ किंवा ‘पुसा रुधिरा’ हे लाल वाण आपल्या हिवाळ्याला मानवतात. लाली लायकोपीन या रंगद्रव्याची, आणि ती १५ ते २० अंशांच्या गारव्यात उत्तम भरते. उन्हाळ्यातले गाजर फिके पडते ते त्यामुळे.

जमिनीवरच्या किडी त्यामानाने सोप्या. ढगाळ हवेत पाल्यावर मावा येतो. दिसताच फवारा घेऊन धावू नका. ढालकिडे आणि सिरफिड माश्या काही दिवसांत पोहोचतात, आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. शेजारी थोडी कोथिंबीर फुलू दिली तर या माश्या लवकर येतात. मावा वाढतच राहिला तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारा. कोवळी रोपे सकाळी जमिनीलगत कापलेली दिसली, तर ती कातरकिड्याची करामत. रात्री बॅटरी घेऊन वेचणे हाच खात्रीचा उपाय. हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या बहुधा कच्च्या शेणखतातून येतात. खत मिसळण्याआधी ते उन्हात पसरून नीट पाहा.

गाजरे काढल्यावर प्रत्येक मूळ, अगदी टाकून द्यायचे तेही, धुऊन पाहा. बारीक मुळांवर मोहरीएवढ्या गाठी असतील तर ती मुळे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. घरच्या खड्ड्यात तेवढी उष्णता क्वचितच होते आणि त्याच खतातून अंडी पुन्हा वाफ्यात पोहोचतात. ती मुळे कडकडीत वाळवून जाळा, त्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, भेंडी काहीही घेऊ नका, आणि एप्रिल उजाडला की पारदर्शक कागद आणून ठेवा.